मामेबहिणीचं लग्न, हातात पहिला कॅमेरा: फोटोंची जबाबदारी घ्यावी का?

तापीकाठ
नमस्कार मंडळी. मी चोपडा तालुक्यातला. दिवाळीत सेकंडहँड कॅमेरा घेतला, कॅनन २००डी मार्क टू, सोबत १८-५५ची किट लेन्स, नंतर हौसेने ५० एमएम एफ १.८ घेतली. आतापर्यंत शेतातले पक्षी, नदी, भाचे कंपनी एवढंच काढलंय. आता मे महिन्यात मामेबहिणीचं लग्न आहे, गावातच, शाळेच्या मैदानावर मांडव, आदल्या दिवशी हळद, लग्न गोरज मुहूर्तावर. आणि मामांनी सगळ्यांसमोर जाहीर करून टाकलं, "घरना पोऱ्या शे, त्यानाकडे कॅमेरा शे, मंग बाहेरना फोटोवाला कशाले?"

कॅमेऱ्यातला छोटा सोडला तर वरून लावायचा वेगळा फ्लॅश माझ्याकडे नाही. लग्नाचे फोटो कधी काढलेले नाहीत. घरचे म्हणतात त्यात काय, बटनच तर दाबायचंय. तर हो म्हणू का नको? आणि हो म्हटलं तर तयारी काय करू? जाणकारांनी प्लीज सांगा.

धुळेकर_दादा
एकट्याने घेऊ नको. पक्षी उडाला तर उद्या दुसरा बसतो, मंगळसूत्र घालताना फोकस चुकला तर ते पुन्हा घालायला लावणार का? आणि तुझ्या कॅमेऱ्याच्या बॉडीत मेमरी कार्डाचा एकच स्लॉट आहे. धंदेवाले लोक दोन कार्डांवर एकदम लिहिणारी बॉडी वापरतात ती मिरवायला नाही, एक कार्ड गेलं तर दुसरं असावं म्हणून. मामांना सांग मुख्य फोटोवाला बाहेरचा घ्या, मी सोबत काढतो.

बट्टीप्रेमी
ते सगळं ठीक, पण जेवणात वरण-बट्टी आणि वांग्याची भाजी आहे का ते आधी सांगा, मग सल्ला देतो.

तापीकाठ
@बट्टीप्रेमी आहे हो, गंगाफळाची भाजी पण आहे. द्या आता सल्ला.

बट्टीप्रेमी
मग लग्नाआधी जेवून घे. फोटोवाल्याला पंगतीत कोणी बोलवत नाही आणि तो जाऊन बसतो तेव्हा तूप संपलेलं असतं. हा खरा सल्ला आहे, गंमत नाही.

जुना_रोलवाला
वीसेक वर्षं जळगाव, एरंडोल, पारोळा भागात लग्नं केलीत, सुरुवात रोलच्या काळातली. तेव्हा एका रोलमधे ३६ फोटो, त्यामुळे बटन दाबायच्या आधी माणूस विचार करायचा. नवीन पोरांना मी आजही तेच सांगतो, एक दिवस ३६च फोटो काढायचे असं ठरवून फिर, नजर तयार होते.

आता कामाचं. गोरज मुहूर्त लिहिलाय ना पत्रिकेत? आपल्याकडे मे महिन्यात सूर्य सातच्या सुमारास बुडतो. नवरदेव मारुतीच्या देवळात पाया पडून निघतो, मग डीजेपुढे मित्रमंडळ, मग नवरदेवाचे मेहुणे, मग ज्यांना कोणी नाचा म्हटलेलं नाही ते, असं करत लग्न लागतं रात्री आठ साडेआठला. म्हणजे तू डोक्यात संध्याकाळचा सोनेरी उजेड धरून बसशील आणि प्रत्यक्षात मिळेल मांडवातला हॅलोजन आणि एलईडी. तयारी अंधाराची कर, उजेड मिळाला तर बोनस.

आदल्या दिवशी रात्री मांडवात लाइट लागले की कोणाला तरी स्टेजवर उभं करून ट्रायल घे. माणूस हलत असताना शटर १/१२५ सेकंदाच्या खाली नेऊ नको, अक्षता उडतात तेव्हा १/२५० तरी ठेव. आयएसओ, म्हणजे कॅमेऱ्याची उजेड टिपायची ताकद, १६००, ३२०० खुशाल वाढव. दाणेदार फोटो चालतो, हललेला चालत नाही. आणि रॉ मधेच, म्हणजे कॅमेऱ्याने प्रक्रिया न केलेल्या कच्च्या फाइलमधेच काढ, कारण मांडवात एका बाजूने पिवळा लाइट आणि दुसऱ्या बाजूने जांभळा, जेपीईजीत ते नंतर सुधरत नाही.

सातपुडा_पायथा
रोलवाले भाऊंच्या बोलण्यात एक भर. एलईडीखाली फार वेगवान शटर ठेवलं तर फोटोत आडवे काळे पट्टे येतात, एक फोटो उजळ एक काळपट असंही होतं. आपली वीज ५० हर्ट्झची, त्यावरचे बरेच दिवे सेकंदाला १०० वेळा उजेड-अंधार करतात, डोळ्याला कळत नाही पण शटरला कळतं. तिथे १/१०० किंवा १/५० वर आणून बघ. काही कॅमेऱ्यांत हे लुकलुकणं टाळायचं अँटी-फ्लिकर असतं, मेन्यूत शोध.

आणि डीजेचा लेझर! तो थेट लेन्समधे घुसला तर सेन्सरवर कायमची रेघ किंवा ठिपका पडू शकतो. वरातीत लेझर चालू असेल तर सरळ समोरून काढू नको, बाजूने काढ.

तापीकाठ
लेझरचं माहीतच नव्हतं, धन्यवाद. पण १/२५० ठेवू की १/१००? दोघं वेगळं सांगताय.

जुना_रोलवाला
दोन्ही. स्टेजवर माणसं उभी आहेत, पट्टे दिसतायत, तर १/१००. अक्षता, नाच, पळापळ असेल तर १/२५०, पट्टे आले तर आले. म्हणूनच म्हटलं ट्रायल आदल्या रात्री घे, त्याच दिव्यांखाली.

मीनल_फैजपूर
सगळे मशीनवरच बोलताय म्हणून लिहिते. माझ्या लग्नाचा अल्बम असा जाड आहे, उचलताना हात दुखतो. स्टेजवरचे फोटो इतके की आहेर देणाऱ्या प्रत्येकाचं पाकीट ओळखू येतं. पण आदल्या रात्री आमच्या वाड्यात मागच्या अंगणात मोठी माय, काकू, शेजारच्या बायका मांडे करत होत्या त्याचा एक फोटो नाही, कारण फोटोवाला मागच्या दारी आलाच नाही, त्याला कोणी सांगितलंही नाही.

ज्यांनी पाहिलं नसेल त्यांना सांगते. पुरण भरलेला उंडा आधी तळहातावर थापतात, मग दोन्ही हातांवर झेलत झेलत मोठा करतात, तो मनगटाच्या पुढे कोपरापर्यंत येतो, इतका पातळ की पलीकडची चूल दिसते, आणि मग एका झटक्यात उलट्या खापरावर टाकतात. मोठ्या मायचे हात पिठाने पांढरे आणि चुलीचा सगळा उजेड खालून तिच्या तोंडावर. तिच्याएवढा मोठा मांडा आमच्या गल्लीत कोणी करत नव्हतं. आता तिला जमत नाही आणि फोटोही नाही.

तापीकाठ भाऊ, तुम्ही घरचे आहात, तुम्हाला मागच्या दारी जाता येतं. बाहेरच्याला ते जमणार नाही. एवढं एक करा.

शेवभाजी_रेग्युलर
मीनलताई, जेवण झाल्यावर वाचलं तरी परत भूक लागली.

अमळनेरी
मीनलताईंना पूर्ण अनुमोदन, म्हणूनच माझं मत धुळेकर दादांच्या उलटं आहे. हो म्हण. सगळे कधीतरी पहिल्यांदाच करतात, आणि स्वतःच्या घरचं लग्न हे शिकायला उत्तम, माणसं ओळखीची, कोणी ढकलून देत नाही. फक्त मामांशी आधी स्पष्ट बोल. काय मिळेल, कधी मिळेल, अल्बमचा खर्च कोण करणार. "बघू, देऊ" असं करू नको, नंतर तोंडं वाकडी होतात.

दुसरं, यादी कर. ग्रुप फोटोंची. आपल्याकडे जेवणात मीठ कमी पडलं तर लोक विसरतात पण फुईचा (आत्याचा) नवरीसोबत फोटो नसला तर पुढच्या पिढीपर्यंत ऐकावं लागतं. मामीला विचारून नावं लिहून घे आणि घरातली एखादी बोलकी बहीण सोबत ठेव, जी ओरडून "आबा, आठे या, फोटो काढना शे" म्हणेल. तू माणसं गोळा करायला लागलास की फोटो राहिलेच समज.

धुळेकर_दादा
@अमळनेरी तुम्ही म्हणता ते मन मोठं करून म्हणताय, पण नवरीचा विचार करा ना. शिकणार हा, आणि शिकायची फी भरणार ती. तिला विचारलंय का कोणी? मामांनी ठरवलं, मामी गप्प, भाऊ टेन्शनमधे. जिचं लग्न आहे तिला काय हवंय? माझ्या पाहण्यात असं झालंय, घरच्याच पोराला दिलं काम, फोटो बरे होते, खरंच बरे होते, पण मुलीला कँडिड, व्हिडिओ, सगळं हवं होतं, ते राहिलं आणि नात्यात अढी बसली. पैसे वाचवायला लग्नात बाकी जागा भरपूर आहेत, डीजे कमी करा.

सातपुडा_पायथा
डीजे कमी करा म्हणणाऱ्याला खान्देशात मुलगी कोण देईल दादा.

तापीकाठ
धुळेकर दादा, तुमचा मुद्दा लागला. ताईला मी विचारलंच नव्हतं. आज फोन करतो.

नंदुरबारचा_वकील
विषय निघालाच आहे तर एक कायद्याची गोष्ट, कारण हल्ली यावरून भांडणं होतात. कॉपीराइट कायदा १९५७, कलम १७. कोणी मोबदला देऊन फोटो काढून घेतले आणि वेगळा करार नसेल, तर त्या फोटोंचा पहिला मालक पैसे देणारा असतो, फोटोवाला नाही. म्हणजे स्टुडिओने नवरीचे फोटो परस्पर जाहिरातीला वापरायचे असतील तर तसं आधी लिहून घेतलेलं बरं. तुम्ही फुकट काढताय, मोबदला नाही, तेव्हा मालकी तुमच्याकडे राहते. पण कायद्याने मालक आहात म्हणून बहिणीचे हळदीचे फोटो इन्स्टावर टाकायचे असं नाही. तिला आणि सासरच्यांना विचारा.

मीनल_फैजपूर
हे फार बरं सांगितलंत. हळदीच्या वेळी बायका आपल्या तालात असतात, साडी ओली, केस विस्कटलेले, गाणी चाललेली. फोटो काढा, पण ते घरातच राहू द्या.

चाळीसगाव_जंक्शन
थोडं विषयांतर करतो. फोटोग्राफी शिकतोयस आणि खान्देशातला आहेस तर चाळीसगावला केकी मूस यांचं घर बघून ये. १९१२चा जन्म, १९८९ला गेले. आयुष्याची कितीतरी दशकं त्या बंगल्यात जवळजवळ कोंडून घेऊन काढली आणि तिथेच बसून टेबलटॉप फोटोग्राफी केली, म्हणजे टेबलावर साध्यासुध्या वस्तू मांडून असा देखावा उभा करायचा की बघणाऱ्याला वाटावं बाहेरचं खरंच दृश्य आहे. तिथे उभं राहिलं की कळतं उजेड कुठून येतोय हे बघणं म्हणजे काय. लेन्स कोणती, बॉडी कोणती हे सगळं नंतर.

शेवभाजी_रेग्युलर
मूस साहेबांना लग्नाची ऑर्डर दिली असती तर वऱ्हाडच त्यांच्या बंगल्यावर न्यावं लागलं असतं.

चाळीसगाव_जंक्शन
हाहा, आणि पोज मिळेपर्यंत मुहूर्त टळला असता. पण खरंच जा. रेल्वेने आलास तर स्टेशनपासून लांब नाही.

शहाद्याची_सून
आमच्याकडे लग्नात रात्री पावरी आणि ढोलावर गोल करून नाचतात, आजूबाजूला उजेड फारसा नाही. माझा दीर फोटो काढतो, तो फ्लॅश लावून शटर १/१५, १/२० पर्यंत खाली आणतो आणि फ्लॅश रिअर कर्टनला ठेवतो, म्हणजे शटर बंद होताना पडतो. चेहरा स्वच्छ येतो आणि हातापायांच्या मागे हालचालीची रेघ राहते. फोटो बघताना ढोल ऐकू येतो इतका जिवंत वाटतो. वरातीत करून बघा, पण थोडेच, सगळे तसेच काढले तर घरचे म्हणतील फोटो हलले.

केळीवाला_रावेर
कोणी उन्हाबद्दल बोललंच नाही! मे महिना, जळगाव-भुसावळकडे पारा ४४-४५ला जातो, दुपारी मांडवाचा पत्रा असेल तर आत भट्टी. कॅमेरा गाडीत ठेवू नको, डिकीत तर अजिबात नको. बॅगेवर पांढरा ओला पंचा टाक, पंचा बॅगेला चिकटू देऊ नको. लेन्स धुळीत बदलू नको, मंडपवाले मैदानावर टँकरने पाणी मारतात तेव्हा बदल किंवा घरात जाऊन बदल. हळदीला लेन्सवर साधा यूव्ही फिल्टर लाव, नवरीच्या मैत्रिणी फोटोवाल्याला सोडत नाहीत, हळद काचेवर सुकली की निघत नाही. स्वतः पाणी पी, दर तासाला. पोटात दोन केळी टाक. जळगावच्या केळीला २०१६ला जीआय (भौगोलिक मानांकन) मिळालाय ते उगीच नाही.

बट्टीप्रेमी
रावेरकरांचा कुठलाही प्रतिसाद केळीवर आल्याशिवाय संपत नाही.

केळीवाला_रावेर
आणि संपूही नये.

तापीकाठ
अपडेट. ताईशी बोललो. ती म्हणाली, "भाऊ, तू स्टेजवर कॅमेरा घेऊन फिरशील तर माझ्या मागे कोण उभं राहील, मला तू लग्नात हवा आहेस, कामाला नको." मग तीच मामांशी बोलली. आता तालुक्याच्या गावातला एक फोटोवाला फक्त लग्नाच्या दिवसासाठी ठरलाय, फोटो आणि व्हिडिओ दोन्ही. आदल्या दिवशीची हळद, मांडे, घरातली सगळी गडबड माझ्याकडे. लग्नाच्या दिवशी जमेल तसं. मामा थोडे फुगले पण ताईने सांगितल्यावर चालतं.

मांडे मामीच्या माहेरच्या बायका करणार आहेत, मागच्या अंगणात, चुलीवरच. मीनलताई, तिथे मी नक्की असणार. आता सांगा चुलीच्या उजेडात सेटिंग काय ठेवू?

मीनल_फैजपूर
किती बरं वाटलं वाचून. सेटिंगचं रोलवाले भाऊ सांगतील, मी एवढंच सांगते की आधी थोडा वेळ कॅमेरा बाजूला ठेवून पाटावर बसा, उंडे मोजून द्या, पाणी आणून द्या. बायका तुम्हाला विसरल्या की मग काढा.

जुना_रोलवाला
५० एमएम लाव. तुझ्या बॉडीवर ती ८० एमएमसारखी दिसते, म्हणजे चार पावलं लांब बसावं लागेल, ते चांगलंच, धुराच्या आणि बायकांच्या मधे येणार नाहीस. एफ २, म्हणजे लेन्सचं तोंड जवळजवळ पूर्ण उघडं, शटर १/२०० कारण मांडा टाकतानाचा झटका फार वेगवान असतो, आयएसओ ३२००. चुलीचा लाल-पिवळेपणा व्हाइट बॅलन्सने (रंग दुरुस्त करायच्या सेटिंगने) पूर्ण मारू नको, तो गेला तर ते ट्यूबलाइटखालचं स्वयंपाकघर दिसेल. फोकस हातावर नाही, डोळ्यावर. आणि चूल पाठीमागे येईल असं बसू नको, चेहरा काळा पडेल, चुलीच्या बाजूला बस. इथे फ्लॅश बिलकुल नको.

फ्लॅश लागेल तो घरात देव पूजताना वगैरे, छताला मारायचा, पांढरं छत असेल तर सुंदर मऊ उजेड येतो. मांडवात लाल-पिवळा कपडा असेल तर छताला मारू नको, नवरी लाल-पिवळी होईल. फ्लॅश साध्या मोडमधे लावल्यावर तुझ्या बॉडीला १/२००च्या वर शटर नेता येत नाही हे लक्षात ठेव.

लग्नाच्या दिवशी बाहेरच्या फोटोवाल्याला आधी भेट, नमस्कार कर, विचार तुम्ही कुठे उभे राहणार. अंतरपाटाच्या वेळी तो एका टोकाला असेल तर तू दुसऱ्या टोकाला, खाली बसून. अंतरपाट धरणाऱ्यांच्या मागे उभा राहिलास तर त्यांच्या पाठीच मिळतील. मंगलाष्टकं संपत आली की "सावधान"ची वाट बघू नको, आधीपासून बर्स्ट (एका दमात सलग फोटो) लावून तयार राहा, पाट बाजूला झाला की पहिली नजर क्षणभराचीच असते, मग अक्षता आणि मग सगळे चेहरे फोटोवाल्याकडे. आणि एकदा नवरीच्या मामाकडे बघ. मामा तिच्या मागे उभा असतो, त्याच्याकडे कोणीच कॅमेरा फिरवत नाही.

अमळनेरी
नवरीचे वडील पण. मुलगी द्यायच्या वेळी बाप मांडवातला सगळ्यात बिझी माणूस असतो, आचारी, पाहुणे, व्याही, आणि मधेच कुठेतरी एकटा खांबाला टेकलेला सापडतो. तुझे तर मामाच आहेत ते, लक्ष ठेव.

सातपुडा_पायथा
कार्डांचं: ६४ जीबीचं एक मोठं घेण्यापेक्षा ३२ची दोन-तीन घे, हळदीचं वेगळं, लग्नाचं वेगळं. घरी आल्यावर कितीही दमलास तरी लॅपटॉपवर उतरव आणि पेनड्राइव्हवर दुसरी कॉपी कर, मगच झोप. दोन्ही ठिकाणी उघडून बघितल्याशिवाय कार्ड फॉरमॅट करायचं नाही.

धुळेकर_दादा
छान मार्ग निघाला. फोटो काढून झाले की इथे नको, आधी ताईला दाखव. आणि मांड्यांचे प्रिंट काढ, मोबाइलवर ठेवू नको.

तापीकाठ
प्रिंट नक्की. राहिला प्रश्न फ्लॅशचा. नवीन घ्यायची ऐपत आत्ता नाही, भाड्याने कुठे मिळतो का?

अमळनेरी
भाड्याने कशाला. माझ्याकडे कॅननचाच जुना पडून आहे, चालू आहे, डोकं वर वळतं. चोपडा लांब नाही, रविवारी आलास तर घेऊन जा, लग्न झालं की परत आणून दे. सेल मात्र तुझे आण, चार लागतात, डबल ए, रिचार्जेबल असतील तर दोन सेट. आणि येताना फोन कर, दुपारी येऊ नको, ऊन फार आहे.